डेव्हचं भांडं

हे लिहायचं मी बरेच दिवस टाळत होतो. आज शेगडीवर शिरा होतोय आणि हात रिकामे आहेत, म्हणून बसलो...

मी नेदरलँड्समध्ये टिलबर्गला असतो. एका कोर्सला आलो होतो, पण अभ्यासात मन कमी आणि भटकण्यात जास्त. युट्रेख्टला माझी सायकल चोरीला गेली ती एक वेगळीच गंमत... जाऊ दे. तेवढ्यात कोरोना आला आणि भटकणं संपलं.

वरच्या खोलीत डेव्ह राहतो, नेब्रास्काचा. मी अमेरिका पाहिलेली नाही, जी कळली ती त्याच्यावरूनच. भर थंडीत पाण्यात बर्फ. आमचा फ्रिज त्याला खेळण्यातला वाटतो. रोज सकाळी जिन्यात 'हाऊ आर यू' विचारणार आणि मी तोंड उघडेपर्यंत साहेब दाराबाहेर.

आणि आईचा प्रत्येक फोन 'लव्ह यू' म्हणून ठेवणार, भांडण झालेलं असलं तरी. मला फार हसू यायचं. आमच्या बाबांचा फोन 'बरं, ठेवतो' वर संपायचा.

दुसऱ्या लाटेत बाबा गेले. तिकडे अकोल्याला. विमानं बंद होती. आमचा शेवटचा फोनही तसाच संपला होता... बरं, ठेवतो.

त्यांचं सगळं मी मोबाईलवर पाहिलं. ताई फोन धरून उभी होती, मध्येच नेटवर्क जात होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी डेव्हनं जिन्यात नेहमीचं विचारलं आणि मी सवयीनं 'गुड' म्हणालो.

नंतर घरमालकीणबाईंकडून त्याला कळलं. संध्याकाळी माझ्या दाराशी काचेचं भांडं, आत बटाटे आणि चीज, ओव्हनमधून काढलेलं गरम गरम. भांड्याच्या तळाला चिकटपट्टी आणि तिच्यावर पेननं त्याचं नाव. एकाच घरात राहतो आम्ही...

विचारलं तर म्हणाला, आमच्या गावात कुणी गेलं की शेजारी असंच करून आणतात. नाव लावायचं, म्हणजे कुणाचं भांडं कुठलं ते त्या घरच्यांना शोधत बसायला नको. आईला फोनवर विचारून विचारून केलं होतं त्यानं.

आमच्याकडेही त्या घरात चूल पेटत नाही, शेजारचे पिठलं-भाकरी आणतात. पण तेव्हा कोरोनाच्या भीतीनं आमच्या दारात कुणी आलं नाही. आईला डेव्हचं सांगितलं. ती म्हणाली, "तुझ्याकडे तरी कुणी आणलं रे."

भांडं घासून मी कपाटात ठेवलं. परत काही देववेना. ते दिलं की सगळं उरकलं, असं वाटायचं. डेव्हनं एकदाही मागितलं नाही.

काल आईच म्हणाली, "लोकांचं भांडं किती दिवस ठेवशील? आणि रिकामं देऊ नकोस." म्हणून हा शिरा. बाबांना आवडायचा. बेदाणे मात्र वेचून ताटाच्या कडेला लावून ठेवायचे...

एवढं लिहिलं, शिरा भांड्यात काढला आणि बेल वाजली. दारात मोठी बॅग घेऊन डेव्हची आई! प्रवासाला परवानगी मिळाली तशी कुणाला न सांगता निघाली. डेव्ह जिन्याच्या पायरीवर बसून रडतोय.

भांडं मी तिच्याच हातात दिलं. तिनं ते आधी वर धरलं, तळाची पट्टी वाचली आणि हसली. मग मला विचारलं, "हाऊ आर यू?"

आणि उत्तराची वाट बघत तिथेच उभी राहिली.