तिघींची एकच उंची

डेल्फिना माकाराएग पंधरा वर्षं फिलिपिन्सच्या संघातून तायक्वांदो खेळली, पण त्या सगळ्या काळात तिनं कुणाला एकही लाथ मारली नाही. बागियोतल्या तिच्या गल्लीला हे काही केल्या पचत नसे. ती परदेशातून स्पर्धा खेळून आली, की जीपनी ही प्रवासी गाडी चालवणारा शेजारी हमखास विचारायचा, "काय गं, या खेपेला कुणाला लोळवलंस?"

"हवेला," ती म्हणायची आणि बॅग ओढत चढण चढायची.

तिचा प्रकार पूमसे. त्यात समोर प्रतिस्पर्धी नसतो. तिघी जणी रांगेत उभ्या राहतात आणि ठरलेल्या लाथा, ठोसे, वळणं एका तालात करतात. तिघींचे पाय एकाच क्षणी, एकाच उंचीवर जायला हवेत; एकीचा जरी खाली राहिला, तरी परीक्षक गुण कापतात. डेल्फिनाच्या एका बाजूला रोडेलिन असायची, दुसऱ्या बाजूला चारितो. दोघी वयानं लहान, म्हणून तिला मनांग म्हणायच्या, थोरली बहीण.

वयाचं बत्तिसावं वर्ष ओलांडलं आणि डेल्फिनाचा उजवा खुबा कुरकुरू लागला. सकाळी पाय हातानं उचलून अंथरुणाबाहेर ठेवावा लागे. प्रत्येक स्पर्धेआधी ती आईला सांगायची, ही शेवटची. बाजारात जुन्या कपड्यांचा गाळा चालवणारी आई जॅकेटांच्या घड्या घालता घालता "बरं" म्हणायची. पण आपण थांबलो तर या दोघींचं काय? तिसरी नवी आली की सगळं पहिल्यापासून. हे मनात आलं की डेल्फिना गोळी गिळायची, पट्टी आवळायची आणि सरावाला जायची. हनोईला ब्राँझ मिळालं, जकार्तात तेही हुकलं. कोच इलुमिनादो म्हणाले, सगळं सुबक आहे, पण जीव नाही. बोलताना त्यांनी तिघींकडे सारखंच पाहिलं, म्हणून ते कुणा एकीलाच उद्देशून आहे असं वाटलं नाही.

पुढे खुबा फारच धरला. डॉक्टरांनी काही आठवडे सराव बंद करायला लावला. तिच्या जागी ज्युनियर संघातली अलोना उभी राहू लागली.

घरी बसवेना, म्हणून एका दुपारी डेल्फिना व्यायामशाळेकडे गेली आणि धुक्यानं ओली झालेली छत्री मिटत दारातच थांबली. कोचनी टाळी वाजवली, तिघींचे पाय वर गेले. डोक्याच्याही वर, आणि तिथं स्थिर राहिले. अलोनाचं तिला काही वाटलं नाही. पोरगी सतरा वर्षांची होती. पण रोडेलिनचा पाय इतका वर गेलेला तिनं कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. चारितोचाही.

सराव संपला, कोच आणि अलोना निघून गेले. चारितो उगाचच चपला शोधत राहिली.

"कधीपासून?" डेल्फिनानं विचारलं.

रोडेलिन पट्टा गुंडाळत होती. "हनोईच्या आधीपासून. तुझा पाय खांद्याशी अडायला लागला, मग आम्हीही तिथंच थांबवला."

"मला सांगायचं नाही?"

"काय सांगणार, मनांग? जा म्हणून? तुला खेळायचं होतं."

"मला नव्हतं खेळायचं," डेल्फिना म्हणाली. "तीन वर्षं झाली, मला नुसतं बसायचंय. तुमचा संघ मोडेल म्हणून उभी राहिले."

तिघी बाकावर बसून राहिल्या. भांडायलाही अंगात जोर लागतो. तो कुणातच उरला नव्हता. शेवटी चारितो म्हणाली की भूक लागलीय, तेव्हा त्या कोपऱ्यावरच्या खानावळीत गेल्या आणि आलं-कोंबडी घातलेली भाताची पेज मागवली.

"पाय खाली ठेवायला जास्त त्रास होतो, ठाऊक आहे?" रोडेलिन म्हणाली. "सारखं लक्षात ठेवावं लागतं."

डेल्फिनाला हसू आलं. मग पेज गार होईपर्यंत ती चमचा नुसताच फिरवत बसली.

दुसऱ्या दिवशी डेल्फिनानं संघातून नाव काढून घेतलं. कोचनी अडवलं नाही. एवढंच म्हणाले, अलोनाचा पाय वर जातो, पण श्वास चुकतो, तेवढा बसवून दे. म्हणजे रोज संध्याकाळी प्लास्टिकच्या खुर्चीत बसून टाळ्यांवर ताल धरणं आलं. अलोना रडकुंडीला यायची. एकदा तिनं भीत भीत विचारलं, "मनांग, तुम्हाला माझा राग येतो का?"

"नाही गं. दमलेय, म्हणून तोंड असं दिसतं. चल, पुन्हा."

त्या वर्षी अलोनासह तिघी सोलला स्पर्धेला गेल्या. डेल्फिना आईच्या गाळ्यावर थांबली. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, स्पर्धा बघायला फोन हातात धरून ती नव्या आलेल्या कोटांच्या ढिगाला टेकली. जाग आली तेव्हा बाजारात दिवे लागले होते. रौप्यपदक मिळालं, असं आईनं सांगितलं.

"मला उठवलं का नाहीस?"

"रोडेलिनचा फोन आला होता. तीच म्हणाली, झोपू दे तिला."

डेल्फिनानं मान हलवली, खुब्याखाली एक कोट सरकवला आणि कूस बदलली.