मामांची रायफल आणि एसटीचं तिकीट

अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात आमच्या मामासासऱ्यांइतका पट्टीचा शिकारी झाला नाही, आणि त्यांनी आजवर एक ससासुद्धा मारलेला नाही. शिकारीला बंदी आहे, हे एक कारण. दुसरं असं, की मामांच्या मते त्यांची रायफल अजून तयारच झालेली नाही. एसटीच्या आगारात उभा जन्म मेकॅनिकी करून ते आर्णीजवळच्या आपल्या गावी शेती करायला आले, पीकसंरक्षणाचा परवाना काढला, एक जुनी, बोल्ट ओढून भरायची रायफल घेतली आणि तेव्हापासून ती सुधारताहेत. नळी आणि बोल्ट तेवढे मूळचे. नळी ज्यात बसते तो लाकडी दस्ता त्यांनी स्वतः सागवानाचा कोरला. खांद्याला धक्का बसू नये म्हणून मागे रबराची गादी लावली, मग रायफल जड वाटते म्हणून ती काढून टाकली. चाप नागपूरच्या परवानाधारक कारागिराकडून तीनदा दुरुस्त करून आणला. "इतकं घराकडं पाह्यलं असतं तं मोरी तुंबली नसती," असं मामी म्हणतात, पण मोरीला बोल्ट नसतो.

मी एसटीतून उतरून त्यांच्या ओट्यावर पाय ठेवला की "जयभीम, जावईबापू" नंतरचं त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं: "तिकीट आनलं का?" नळी आणि दस्ता यांच्यामध्ये कागदाएवढी फट लागते, लाकूड नळीला टेकलं की गोळी वाकडी जाते. ती फट मामा एसटीच्या तिकिटानं मोजतात. तिकीट नळीखालून सरसर पुढे गेलं तर ठीक, अडलं तर लाकूड पाणी पिऊन फुगलं. पावसाळाभर लाकूड पाणी पीत राहायचं आणि मामा पॉलिशपेपर घेऊन ते घासत राहायचे. "आताच्या मशीनच्या तिकिटात दम नाही, पह्यलचं तिकीट कसं टनक होतं," ही त्यांची एसटीबद्दलची एकमेव तक्रार. माझा चहा तोवर चुलीवर उकळून काळा होत असे.

निवडणूक लागली की हत्यार ठाण्यात जमा करावं लागतं. मामा रायफल मामींच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून नेत आणि सोबत हवालदाराच्या हातात सूचनांचा कागद ठेवत: भिंतीला टेकवू नये, खिडकीखाली ठेवू नये, कोणी चाप चाळवू नये. दर तीन दिवसांनी भेटायला जात. कंटाळून हवालदारानं एकदा विचारलं, "काका, डबा गिबा आनला नाही का तिच्यासाठी?"

पण त्याच ठाण्यातले शिपाई मामांना वचकून असत, ते त्यांच्या परीक्षेमुळे. चांदमारीवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या मैदानावर, मामा पाठ फिरवून रायफल भरायचे आणि समोरच्याच्या हातात द्यायचे. आत खरी गोळी आहे की काडतुसाची उडवलेली रिकामी पुंगळी, हे त्याला ठाऊक नसे. पुंगळी असली की नुसतं 'खट्' वाजायचं; पण आवाजाला आणि धक्क्याला आधीच भिणाऱ्याच्या हातून नळी तेवढ्यातही झटका खायची. मग मामा निकाल द्यायचे, "ज्याची नळी खाली बारावर हालते, त्यानं बंदूक ठेवून द्यावी अन् वांगे राखावे." यात त्यांनी कधी कोणाला सूट दिली नाही.

गेल्या हिवाळ्यात रानडुकरांनी गावाचा हरभरा उकरून टाकला आणि एका बाईच्या मांडीला सुळा लागला. वनखात्याची पंधरा दिवसांची परवानगी आली. सगळं गाव मामांच्या तोंडाकडे पाहू लागलं. त्याआधी एकदा तपासावी म्हणून मामा रायफल घेऊन यवतमाळला चांदमारीवर गेले, तर तिन्ही गोळ्या वीतभर डावीकडे. मामा हादरले. जखमी डुक्कर पळून जात नाही, माणसावर येतं. त्यांनी स्क्रू पुन्हा आवळले, नेम धरायची वरची दुर्बीण उतरवून पुन्हा बसवली, दस्ता तासला. तिकीट तर असं सुटायचं की खाली पडायचं. आठ दिवस गेले. पुन्हा चांदमारी, पुन्हा डावीकडे.

तिसऱ्या खेपेला मीही सोबत होतो. मामांची मुलगी सुजाता होती. परवान्यावर दुसरं नाव तिचं आहे, आणि नेम तिला मामांनीच शिकवलेला. "द्या बाबा, मी भरून देतो," ती म्हणाली आणि पाठ फिरवून उभी राहिली. मामांनी रायफल खांद्याला लावली, श्वास धरला, चाप ओढला.

खट्.

नळी चांगली बोटभर डावीकडे उडाली. आम्ही तिघांनीही पाहिली. सुजाताचे डोळे भरले होते. मामांनी बोल्ट मागे ओढला आणि रिकामी पुंगळी तळहातावर घेतली.

"काहून रडून राह्यली? परीक्षा बरोबर घेतली तू," ते म्हणाले. "ते गादी काढली तवापासून खांदा दुखते माह्या. सांगतलं नाही कोनाले." मग त्यांनी रायफल तिच्या हातात दिली. "मार."

तिनं तीन गोळ्या मारल्या. तिन्ही एका बशीखाली झाकल्या गेल्या असत्या. आणि दहा-बारा दिवस रायफलीला शिव्या घालणारे मामा उड्या मारायचे तेवढे बाकी राहिले. "पाह्यलं जावईबापू? मी म्हनलं नव्हतं, रायफलीत खोट नाही!"

दोन दिवसांनी सुजातानं डुक्कर एका गोळीत पाडलं. मामा त्या वेळी घरी, परसातल्या वांग्यांना पाणी घालत होते. शब्द म्हणजे शब्द.

रायफल आता सुजाताची आहे. गादी पुन्हा बसली आहे. मामा रोज नळी पुसतात, तिकीट फिरवतात, सवयीनं रायफल खांद्याकडे नेतात, आणि अर्ध्यात थांबून लेकीकडे देतात. ते अर्ध्यात थांबलेले हात मला बघवत नाहीत. माझ्याकडे आता कार आहे, यवतमाळहून तासाभरात पोचता येतं. पण मामांकडे जायचं असलं की मी ती घरीच ठेवतो आणि स्टँडवर जाऊन एसटीत बसतो. ओट्यावर ते हात पुढे करून उभे असतात, आणि त्या हातावर काहीतरी ठेवावं लागतं.