जत्रेचं पहिलं ताट

कांदा-खोबरं भाजल्याचा वास आला, की मला ती जत्रा आठवते. बांधावरनं भांडण झालेलं, म्हणून थोरल्या चुलत दिरानं आमच्या मालकांना भावकीच्या पंगतीतनं उठवलं. "ऊठ रं, तुझं ताट न्हाई हितं!" रस्सा वाफाळत होता, बाकीचे खाली मान घालून भाकरी कुस्करत होते. मालक मरेपर्यंत परत कधी मटणाला शिवले नाहीत. आता दिराची पोरं पुण्यात, घरात चूल पेटत नाही. जत्रेला दीर माझ्याच ओसरीवर जेवतात. सून म्हणते, "राग सोडा आई, सुखी व्हाल." अगं, मी सुखीच आहे. दरवर्षी पहिलं ताट त्यांनाच वाढते आणि सगळ्यांदेखत सांगते, "बसा भावजी, हितं कुनी उठवत न्हाई."