आधी सत्कार, मग विषय

जगात आजवर जे काही वाईट झालं ते केवळ कोणी वेळेवर सभा बोलावली नाही म्हणून झालं, असं मनापासून मानणारा एकच माणूस माझ्या पाहण्यात आहे, आणि तो नेमका माझा व्याही आहे. व्याह्याबद्दल वाईट लिहू नये असं आमची ही म्हणते. मी वाईट लिहीत नाही, सोसलेलं लिहितो. मुलीच्या लग्नाची बैठक त्यांच्या लालबागच्या चाळीत होती. आम्ही माटुंग्याहून पेढे घेऊन गेलो, सतरंजीवर टेकलो, पाणी पिऊन होतं न होतं तोच हे उभे राहिले आणि म्हणाले, "अध्यक्षस्थानासाठी कोणीतरी नाव सुचवावं." मला वाटलं गंमत आहे. गंमत नव्हती. आपल्या एका ठार बहिऱ्या चुलत्यांचं नाव त्यांनीच सुचवलं, माझ्याकडे वळून म्हणाले, "व्याहीबुवा, अनुमोदन द्या," आणि मी दिलं. मग मानपान, कार्यालय, जेवणातलं गोड असा एकेक विषय अध्यक्षांच्या परवानगीने चर्चेला आला. माझ्या मेव्हण्याला काही बोलायचं नव्हतं, पण "ज्यांनी मत मांडलं नाही त्यांनी मांडावं" म्हणून त्याला उभं केलं. तो घाबरून जिलबीच्या बाजूने बोलला आणि लग्नात जिलबी झाली. शेवटी आभार मानले, त्यात चहा करणाऱ्या वहिनी आल्या, सतरंजी देणारे शेजारी आले, मीही आलो. लग्न ठरलं की नाही हे मला जिना उतरताना मुलीने सांगितलं.

व्याह्यांचे वडील गिरणीत, हे स्वतः छापखान्यात. पण छापखाना नुसता पोटापुरता. जीव सगळा गणपती मंडळात आणि चाळीच्या रहिवासी संघात. आणि मंडळाचा जो रिवाज तोच जगाचा रिवाज, याबद्दल त्यांच्या मनात कधी शंका आली नाही. त्यातला पहिला रिवाज म्हणजे पाहुणा आला की आधी शाल, श्रीफळ, चार शब्द, विषय मग. यासाठी त्यांच्या कपाटात शालींचा एक कायमचा गठ्ठा असतो. स्वतःला मिळालेल्या शाली ते वापरत नाहीत, पुढच्या माणसाला घालतात. लालबाग-परळात काही शाली इतक्या खांद्यांवरून फिरल्या आहेत की त्या बहुधा आता आपल्या आपणच वाट चालत असतील. एकदा चाळीतला सार्वजनिक नळ गळायला लागला. प्लंबर आला, त्याचा सत्कार झाला, त्याच्या वडिलांच्या मूळ गावापासून परिचय झाला, टाळ्या झाल्या. तो बिचारा इतका भारावला की पाना बाहेर न काढताच निघून गेला. नळ पुढे महिनाभर गळत होता, पण प्लंबर अजून दर गणपतीला पाया पडायला येतो. "माणूस जोडला ना," असं त्यांचं त्यावर म्हणणं.

विहीणबाईंना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा मात्र हा माणूस पहिल्यांदा गप्प झाला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. ही बाई मुळात फार बोलणारी नव्हे. घरात एक वक्ता पुरे असं तिने लग्नानंतर लगेच ठरवलं असावं. पण न बोलणं वेगळं आणि बोलता न येणं वेगळं. सुदैव एवढंच की गल्लीच्या टोकाला सरकारी दवाखाना होता आणि तिथे मागच्या खोलीत एक फिजिओच्या ताई यायच्या. विहीणबाईंना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून चौघे जण तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरवायचे. कोणी कधी उचलायचं, यासाठी अर्थातच सभा झाली होती. ताई बोटं एकेक करून उघडायच्या, तोंडाचे व्यायाम घ्यायच्या, ओरडायच्या, लाड करायच्या. हळूहळू हाताला पेला धरता येऊ लागला. आणि एक दिवस दवाखान्याच्या ओसरीवर हे ताईंच्या कार्यावर चार शब्द बोलत असताना विहीणबाईंच्या तोंडून पहिला शब्द आला, "पुरे." त्या दिवशी व्याह्यांनी सगळ्या चाळीला पेढे वाटले. मला फोनवर म्हणाले, "भाषण बंद पाडलं हो माझं!"

अशात बातमी आली की गल्लीतला दवाखाना बंद करून सगळे उपचार शीवला एका नव्या इमारतीत एकत्र न्यायचे घाटत आहे. मात्र निर्णयाआधी नागरिकांची मतं ऐकायला वरच्या कचेरीतले एक साहेब स्वतः येणार होते. दुसरा कोणी असता तर काळजीत पडला असता. हे हरखले. थेट माटुंग्याला माझ्या घरी आले आणि म्हणाले, "व्याहीबुवा, आपल्याला विचारतायत. आजपर्यंत नुसतं सांगायचे." मी म्हटलं, "विचारणं आणि ऐकणं ही दोन निरनिराळी खाती आहेत, आणि त्यांची आपसात बोलाचाल नाही." ते हसले. मला दवाखान्यातलं काही कळत नाही, राजकारणातलं त्याहून नाही, अशी त्यांनी माझी नेहमीसारखी समजूत घातली. पुढचे दिवस ते चिंचपोकळीपर्यंतच्या चाळी हिंडले. कोणाची आई शीवला जाऊ शकत नाही, कोणाला कामावरून सुटून तिथे पोचता येत नाही, हे ज्याचं त्याने सांगायचं असं ठरलं. सर्वात शेवटी ते स्वतः बोलणार होते, विहीणबाईंना शेजारी बसवून.

सभेला मी गेलो होतो. मंडळाचा हॉल खच्चून भरला होता. साहेब आले, वयाने तरुण, वागायला गोड, आणि हातात घड्याळ. व्याह्यांनी अध्यक्ष सुचवले, अनुमोदन झालं, आणि सत्कार सुरू झाला. साहेबांना शाल, श्रीफळ, गुच्छ. साहेबांच्या सहायकांना शाल, श्रीफळ. ड्रायव्हरलासुद्धा वर बोलावलं. शेजारच्या चाळीतल्या एक शिक्षिकाबाई, आंबेडकर जयंतीची सगळी व्यवस्था एकहाती बघणाऱ्या, पुढच्या रांगेतून उठून स्पष्ट म्हणाल्या, "दादा, आधी दवाखान्याचं बोला. शाल जाताना घाला." सगळा हॉल मनातून त्यांच्या बाजूने होता. व्याह्यांनी हात जोडले. "ताई, दारात पाहुणा आल्यावर आधी पाणी विचारतो की भांडण? रीत आहे ना आपली." मग परिचय झाला. साहेबांची शाळा, कॉलेज, आईवडील. साहेब संकोचाने हसत होते आणि सहायक फोटो काढत होते. पहिल्या दोन बायका आपली अडचण सांगून होतात तोच साहेब उठले, त्यांना दुसऱ्या सभेला जायचं होतं. "तुमच्या भावना मी वर पोचवतो," ते म्हणाले. व्याही उभेच होते. त्यांच्या शेजारी विहीणबाई खुर्चीत, चांगलं लुगडं नेसलेल्या. आभार मात्र मानले गेले.

पुढे दवाखान्याच्या दाराला कुलूप लागलं आणि त्यावर मोठा फलक. फलकावर साहेब, त्यांच्या खांद्यावर शाल, दोन्ही हातांनी नारळ देणारे आमचे व्याही, मागे टाळ्या वाजवणारी सगळी चाळ. खाली छापलं होतं की स्थानिक नागरिकांशी विचारविनिमय करून हा निर्णय घेण्यात आला असून नागरिकांनी त्याचं उत्साहाने स्वागत केलं आहे. मी त्यांना घेऊन वरच्या कचेरीत गेलो. ते तिथल्या बाईंना परत परत सांगत राहिले, "सत्कार पाहुण्यांचा होता हो, निर्णयाचा नव्हता." बाई वाईट नव्हत्या. त्यांनी फोटो पुन्हा नीट पाहिला आणि म्हणाल्या, "काका, नाराज लोक शाल घालतात का?" मला मनातून माहीत होतं की शाल न घालता दगड घातला असता तरी कुलूप लागायचं ते लागलंच असतं. नवी इमारत सभेच्या आधीच रंगवून झाली होती. परत येताना मी हे त्यांना सांगितलं, थोडं बरं वाटेल म्हणून. ते जास्तच खचले. आपली चूक झाली हे त्यांना सोसवत होतं; आपल्याला कोणी विचारलंच नव्हतं, हे सोसवेना.

शीवला ते विहीणबाईंना घेऊन गेले. खुर्ची, जिना, टॅक्सी, मग तिथल्या बाकावर दुपार. बोलावलं तेव्हा त्या थकून झोपल्या होत्या. आणखी थोडे दिवस गेले, मग जाणं सुटलं. बोटं पुन्हा मिटत चालली आहेत. पेला आता डाव्या हातात लागतो. जे दोन-चार शब्द आले होते तेही यायचे थांबले. मला याचा संताप येतो, पण संताप न्यायचा कुठे हे कळत नाही.

व्याही सभांना अजून जातात. आरोग्यावर लोकांची मतं मागवणाऱ्या सभा हल्ली पुष्कळ होतात, त्यांना आमंत्रणही येतं. ते मागच्या रांगेत बसतात, काही सुचवत नाहीत, कोणाला अनुमोदन देत नाहीत. परवा मी लालबागला गेलो तर ताईंनी शिकवलं होतं तसं ते विहीणबाईंची बोटं एकेक करून उघडत बसले होते. सून, म्हणजे माझी मुलगी, विचारायला आली की आईंना रात्री पेज करू की मऊ भात. त्यातलं काहीही केलं तरी चाललं असतं. पण हे खाली वाकले, तोंड त्यांच्या तोंडाजवळ नेलं आणि घरच्या मालवणीत हळू म्हणाले, "सांग गो, तुका काय होया?" विहीणबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. माझी मुलगी दारात उभी होती, मी चहाचा कप धरून बसलो होतो. व्याह्यांनी आम्हां दोघांना हातानेच थांबा म्हणून सांगितलं, आणि त्या काय म्हणतात ते ऐकायला तसेच वाकून राहिले.