सलाईनच्या नळीतून चेनला तेल

ज्या वर्षी माझे गुडघे दुखायला लागले, त्याच वर्षी मोटारसायकलची चेन मला जड जायला लागली. मी पशुधन पर्यवेक्षक. डोंगरकड्याच्या आसपासची गावं आणि तांडे माझ्याकडे. जनावरांना लस टोचायची, अडलेली म्हैस सोडवायची, जखमा धुवायच्या. लोक डॉक्टर म्हणतात. आधी मी नको म्हणायचो, आता तेवढं बोलायचाही कंटाळा येतो.

चेनचं कव्हर मी केव्हाच काढून टाकलं होतं. आमच्याकडची काळी माती पावसाळ्यात त्याच्यात अशी गच्च बसते की मागचं चाक फिरेनासं होतं. कव्हर काढलं, चाक मोकळं झालं. पण चेन उघडी पडली. चार महिने चिखल खायची, उरलेले महिने फुफाटा. म्हणून दर रविवारी सकाळी गाडी मधल्या स्टँडवर लावायची, उकिडवं बसायचं, डिझेलमध्ये बुडवलेल्या जुन्या टूथब्रशनं चेन घासायची, पुसायची आणि एकेका कडीवर तेल सोडायचं. गुडघे गेले तसे माझे रविवार चुकायला लागले. चेन कोरडी पडली, लाल गंज धरू लागली. दिसत होतं सगळं, पण खाली बसवत नव्हतं.

एके दिवशी दुपारी एका तांड्यावरून फोन आला. म्हैस अडली होती. निघालो, आणि तांडा अजून बराच लांब असताना खटकन आवाज झाला. चेन तुटून रस्त्यावर पडली. पेटी खांद्यावर घेऊन चालत सुटलो. तांड्यावरचा एक जण समोरून गाडी घेऊन आला तोवर घामानं शर्ट पाठीला चिकटला होता. पोचलो तेव्हा रेडकाचे पाय गार पडले होते. ते मेलेलंच बाहेर आलं. म्हैस वाचली, पण तिच्यात त्राण उरलं नव्हतं. तिला सलाईन लावलं आणि तिच्या मानेशी बसून राहिलो. घरची म्हातारी समोर बसली होती. तिनं रेडकावर गोणपाट टाकलं आणि मला पाणी दिलं.

"डॉक्टर, तुमी तरी काय करसाल," ती म्हणाली. "गाडीच दगा देऊन राहिली तर."

बाटलीतून थेंब पडत होता, तो पाहत बसलो. एक पडला की जरा वेळानं दुसरा. तेव्हा डोक्यात आलं, चेनला तरी याहून वेगळं काय लागतं?

पुढच्या सुट्टीला वापरून झालेली सलाईनची छोटी बाटली आणि नळी धुऊन वाळवली. गाडीच्या डाव्या बाजूच्या पत्र्यामागं बाटली उलटी बांधली. नळी मागच्या दांड्याला प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी आवळत चाकापर्यंत नेली आणि तिचं टोक मागच्या दातेरी चाकाला जेमतेम टेकेल असं ठेवलं. तेल दातांवर पडेल, तिथून चेन ते आपलं आपण घेईल. थेंब कमीजास्त करायची चक्री नळीवर होतीच.

चक्री उघडली. तेल आलं नाही. नळी पिळली, बाटली दाबली, फुंकलं, तोंडात तेल गेलं. बायको ओट्यावर शेंगा निवडत होती.

"बाटलीला हवेची सुई लावली का?" तिनं विचारलं.

इतकी वर्षं मी दर बाटलीला हवा आत जाण्यासाठी वरून सुई टोचत आलो होतो. माझ्याबरोबर फिरून तिनंही ते पाहिलं होतं. सुई टोचली आणि थेंब सुरू झाला. दोघंही हसलो नाही, पण बरं वाटलं.

काही दिवस सुखाचे गेले. चेन काळी, ओलसर, गप्प चालायची. मग थंडी पडली. सकाळी तेल घट्ट व्हायचं आणि थेंब येता येईना. चक्री बरीच उघडी ठेवावी लागली. मी एकदा गाडी तशीच उभी केली, तर अंगणात परातीएवढा डाग. बायकोच्या साडीच्या काठावर तेलाचे ठिपके पडायला लागले. ती डाव्या बाजूला पाय सोडून बसते, म्हणजे नेमकी चेनच्या वर. तिनं ठिपके पीठ लावून धुतले.

उन्हाळा लागला तेव्हा तिला डोळे दाखवायला नांदेडला न्यायचं होतं. बरंच ऊन चढलं होतं. वारंगा फाट्याच्या अलीकडं एक ट्रक आडवा आला म्हणून मी वेग कमी करून वळवलं, आणि मागचं चाक कुणीतरी ओढल्यासारखं बाजूला गेलं. आम्ही दोघंही पडलो. वेग नव्हता म्हणून निभावलं. उठून पाहतो तर टायरची कड तेलानं चकचकत होती. उन्हानं तेल पाण्यासारखं पातळ झालं होतं आणि धार लागली होती.

बायको रस्त्याच्या कडेला बसली होती. डावं मनगट उजव्या हातात धरलेलं.

"मोडलं वाटतं," ती म्हणाली. मग माझ्याकडं पाहून, "तुम्हाला लागलं का?"

फाट्यावरच्या एका दुकानदारानं खुर्ची आणली, पाणी दिलं, त्याच्या ओळखीच्या जीपमध्ये बसवून दिलं. नांदेडला डोळे राहिले बाजूला, हाताला प्लॅस्टर घालून परत आलो.

दुसऱ्या दिवशी मी पक्कड घेऊन सगळं उपटायला गेलो. पट्टी तोडणार, तेवढ्यात ती बाहेर आली.

"काहून काढून राहिलात?"

"तुझा हात मोडला ह्याच्यापायी."

"मग? काढून काय करणार? बसणार हायत खाली? दर रविवारी तुमचं कण्हणं मी आतून ऐकते. आणि चेन तुटली की तांड्यावर काय होतं, ते तुमीच सांगितलंय मला." ती जवळ आली, प्लॅस्टरच्या हातानं पत्र्याकडं दाखवलं. "ती चक्री इकडं वर घ्या. माझ्या हाताशी."

मी चक्री वर घेतली. टायरवर उडू नये म्हणून नळीचं टोक आतल्या अंगाला वळवून पुन्हा घट्ट बांधलं. तिचं प्लॅस्टर निघालं आणि ती पुन्हा मागं बसायला लागली. गाडी थांबायची दिसली की ती वाकून चक्री बंद करते. निघालो की थोडी उघडते. ऊन असेल तर कमी, गारठा असेल तर जास्त. तिचा अंदाज माझ्यापेक्षा बरा आहे. एकटा असलो की मला कधी आठवतं, कधी नाही.

काम मात्र संपलेलं नाही. नळीच्या टोकात धूळ बसते, ती सुईनं काढावी लागते. नळी उन्हानं कडक होऊन तडकते, बदलावी लागते. बाटलीत तेल भरावं लागतं. कधी कधी वाटतं, एक कष्ट टाळायला गेलो आणि चार मागं लावून घेतले. पण ते उभ्यानं होतात, एवढंच.

त्या तांड्यावरची म्हैस पुन्हा गाभण आहे. काल तपासायला गेलो होतो. बायको बरोबर होती. म्हातारीनं तिला खाटेवर बसवलं, मनगट हातात घेऊन पाहिलं आणि विचारलं, "अजून तकलीफ हाय का?"

"गारठ्यात दुखते," बायको म्हणाली.

मी म्हशीच्या पोटावर हात ठेवून उभा होतो. आत रेडकू हललं. हात तसाच ठेवला, थोडा वेळ, आणि मग दोघींना सांगितलं.