पाठककाकांची कापलेली ओळ

पाठककाका पाण्याचा अहवाल लिहायला बसले की पाण्याआधी स्वतःबद्दल लिहीत. "मी देव मानतो. रोज पूजा करतो. या विहिरीच्या मालकाशी माझं नातं नाही." मग खाली आकडे. सरकारी पाणी तपासणीत त्यांची सगळी नोकरी झाली. साहेब ती ओळ खोडायचे, काका पुढच्या अहवालात पुन्हा लिहायचे. निवृत्त होऊन आमच्या शेजारच्या जानेफळला राहायला गेले, तेव्हा खोडणारंही कोणी उरलं नाही.

मला ती ओळ पटत नसे. मी गावोगाव अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं वाटणारा, देव न मानणारा. एकदा विचारलंच, "काका, पाणी घाण की चांगलं, यात तुमची पूजा कुठून आली?"

"काऊन बे, भाजीवाली पारडं रिकामं असतानाच काटा दाखवते ना? माल टाकल्यावर दाखोला त कोन मानीन?"

आमच्या गावात देवीच्या कुंडाचं पाणी तीर्थ म्हणून लेकराबाळांच्या तोंडात घालतात. देवस्थानानं भक्तनिवासाचे संडास त्या कुंडाला खेटून बांधले आणि गावातली हगवण हटेना. माझी चार वर्षांची पुतणी आठवडाभर सलाईनवर होती. मी काकांना बोलावलं. त्यांनी चपला काढल्या, देवीला हात जोडले, मग निर्जंतुक बाटलीत पाणी भरून नेलं. अहवालाची पहिली ओळ होती, "मी या देवीचा भक्त आहे. माझ्या आईनं हिला नवस केला, तेव्हा मी झालो." दुसरी, "पाण्यात मैल्याचे जंतू आहेत. पिऊ नये."

पत्रक छापताना मी पहिली ओळ कापली. नवसानं झालेला तज्ज्ञ! लोक हसतील म्हणून.

नवरात्राच्या पहिल्या दिवशी देवळात बैठक झाली. देवस्थानाकडे एका डॉक्टरचा दाखला होता, पाणी उत्तम असल्याचा. तो डॉक्टर त्याच देवस्थानाचा विश्वस्त. दाखल्यावर तो विश्वस्त असल्याचा एक शब्द नाही आणि विचारणारा कोणी माईचा लाल नाही. उलट अध्यक्ष आमचंच पत्रक फडकवत उठले. "हा पाठक कोन? धर्मबुडव्याईनं आनलेला मानूस!"

काकांनी खिशातून मूळ अहवाल काढला आणि पहिली ओळ वाचली. पुढच्या दोन-चार जणांनी माना डोलावल्या. मला वाटलं, जिंकलो.

अध्यक्षांनी काकांकडून अहवाल घेतला आणि पत्रकाशेजारी धरला. "पाहा! पोट्ट्यानं ओळच गायब केली. मंग आकडे कायले खरे धरा?"

त्या माणसाची मला आजही किळस येते. पण त्याचा प्रश्न रास्त होता, याची जास्त येते.

"भक्त हाय ना काका? मंग घ्या तीर्थ," म्हणत त्यांनी पळी पुढे केली. काकांनी तळहातावर पाणी घेतलं, डोळ्यांना लावलं, मस्तकावरून फिरवलं. "आईले नमस्कार. पन पोटात नाही घेत मी. तुमच्या संडासाचं पानी आहे हे."

"ढोंगी!" मागून कोणी तरी ओरडलं. बैठकीचं हसं झालं आणि तीर्थाची रांग लागली. लोक लेकरांची तोंडं उघडून त्याच पळीपुढे उभे. रांगेत माझी वहिनी, कडेवर पुतणी. चार दिवस मी तिच्याशी घसा फोडून भांडलो होतो.

काका तिच्याजवळ थांबले. "मायबाई, पोरीच्या डोक्याले लाव. पोटात नको. मी बी तेच केलं ना आता?"

वहिनीनं पुतणीच्या कपाळाला ओला हात लावला आणि ती रांगेतून बाहेर पडली. ती एकटीच. माझ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

एसटीच्या थांब्यावर काका बसच्या वाटेकडे पाहत उभे राहिले. मी अध्यक्षाला शिव्या घालत होतो, डॉक्टरला घालत होतो.

"अध्यक्षाचं सोड बे," ते म्हणाले. "मी देव मानतो, ते लोकाईपासून कायले लपवू? पन तू कायले लपोलं? लाज वाटली तुले माही?"

 बस आली. काका चढले. मला "येतो बे" म्हणाले नाहीत, आणि आमच्या गावाला पुन्हा कधी आले नाहीत.