चौदा छपरं आणि एक आमचं

कवेलूचं, म्हणजे कौलांचं, छप्पर दर उन्हाळ्यात फेरावं लागतं. कवेलू काढायचे, खालचा पालापाचोळा झाडायचा, माकडांनी फोडलेले बाजूला टाकायचे, कुजलेल्या बांबूच्या कामट्या बदलायच्या आणि पुन्हा ओळीने बसवायचे. हे टाळलं तर एक पावसाळा निघून जातो. दुसऱ्यात वासे भिजतात. तिसऱ्यात मातीच्या भिंतीत पाणी उतरतं, आणि मग घर वाचवण्यापेक्षा पाडणं सोपं पडतं. घर घेण्याआधीपासून मला हे माहीत होतं, कारण अशी पडलेली घरंच माझा धंदा होता. चौकटी, दारं, आलापल्लीच्या सागाच्या जुन्या तुळया मी पडत्या भावात उचलायचो आणि चढत्या भावात विकायचो. सुरुवात बल्लारपूरला बांबूचे भारे उतरवण्यापासून केली होती. मला कोणी काही दिलं नाही, आणि मीही कोणाला सहज काही सोडलं नाही.

चंद्रपूरला परकोटाच्या आत मी घर घेतलं ते ऐंशी सालानंतर लवकरच. विकणारी बाई नागपूरला मुलाकडे गेली होती. तिला पैसे रोख हवे होते आणि घेणारा कोण याच्याशी तिला कर्तव्य नव्हतं. गल्लीला होतं. माझ्या बापाने छप्पन साली नागपूरला दीक्षा घेतली होती, आणि सामान उतरवून आम्ही बुद्धाची तसबीर भिंतीला लावली त्या दिवशी समोरच्या तीन खिडक्या बंद झाल्या. तोंडावर कोणी काही बोललं नाही. नळावर आमची बादली आली की बायकांना घरातली कामं आठवायची, एवढंच.

गल्लीतली सगळी छपरं एकच माणूस फेरायचा. पन्नाशीचा, काटकुळा, पायांची बोटं माकडासारखी पकड घेणारी. वर चढला की एक कवेलू फुटत नसे. पहिल्या उन्हाळ्यात मी त्याला बोलावलं, त्याने मजुरी सांगितली तिच्यावरून तासभर घासाघीस केली आणि बरीच खाली आणली. काम चोख होतं, फक्त तो दर तासाला खाली उतरून गल्लीत जायचा आणि पाच-दहा मिनिटांनी परत यायचा. मला वाटलं, बिडी ओढायला जातो. कामचुकारपणा मला सहन होत नाही. शेवटच्या दिवशी मी त्या फेऱ्यांबद्दल त्याची अर्ध्या दिवसाची मजुरी कापली. तो भांडेल असं वाटलं होतं. पण तो पैसे कमरेला खोचून निघून गेला, आणि मी बायकोला म्हणालो की याला बरोबर सरळ केला.

दुसऱ्या वर्षी मे महिन्यात तो पुन्हा आला. त्याने पूर्वेचा अख्खा उतार उघडा केला. कवेलू अंगणात रचून ठेवले. घरात उभं राहिलं की कामट्यांच्या जाळीतून आभाळ दिसत होतं. चंद्रपूरचं ऊन कसं असतं ते सांगायला नको. वर बसलेल्या माणसाच्या पाठीवर मीठ पांढरं दिसत होतं. तो उतरला आणि निघाला, तसा मीही मागे गेलो. या वेळी बिडी ओढताना रंगेहाथ धरायचा होता.

तो शेजाऱ्याच्या दारात उकिडवा बसला होता. हा शेजारी म्हणजे तहसिलीतून निवृत्त झालेला कारकून. त्याच्या आणि आमच्या अंगणामध्ये एक बसकी भिंत होती. त्याची बायको पायरीवर उभी राहून तांब्याने वरून पाणी ओतत होती आणि हा ओंजळीने पीत होता. तांब्याला त्याचा हात लागणार नाही इतक्या उंचीवरून. छप्पर फेरणाऱ्याची जात मी लिहीत नाही. ज्यांना वरून ओततात त्यांच्यातलाच होता. आमच्या घरी त्याला पेल्यातून पाणी मिळालं असतं, आणि तो पेला आम्ही त्याच्या हातात दिला असता. माठ पडवीत होता, शिडीपासून चार पावलांवर. बायकोने दोन्ही वर्षं सकाळीच त्याला तो दाखवून ठेवला होता.

तेव्हा मला त्या अर्ध्या दिवसाच्या मजुरीचा अर्थ कळला. आमच्या घरचं पाणी न पिण्याचे पैसे त्याने मला मोजले होते, मुकाट्याने. आणि मी ते खिशात घालून स्वतःला शहाणा समजलो होतो.

तो परत आला तेव्हा मी शिडीपाशी उभा होतो. मी आवाज चढवला नाही. माझा राग फार वाढला की आवाज उतरतो. मी सांगितलं, या घरावर जो चढेल तो या घरचं पाणी पिईल, नाहीतर शिडी लागणार नाही.

त्याने खाली पाहिलं. "भाऊ, मले काई वाटत नाई. पन या गल्लीत चौदा छपरं माह्या हाती हायेत. तुमच्या इथी पाणी पेलो तं उद्या एकही मले चढू देणार नाई."

"कोण म्हणते असं?"

"म्हणायले कायले लागते?"

हिशोब स्वच्छ होता. चौदा एकीकडे, एक एकीकडे. त्याच्या जागी मी असतो तर मीही हाच सौदा केला असता, आणि हे समजल्यामुळे माझं डोकं जास्तच फिरलं. मग तो म्हणाला, "पाह्यजे तं अर्धी मजुरी द्या भाऊ. पन तेवढं नोका सांगू."

समोरचा भाव खाली आणतोय आणि मी नाही म्हणतोय, असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदा घडलं. मी म्हटलं, पूर्ण घे, दुप्पट घे, पण एक पेला इथे पी. तो क्षणभर माठाकडे बघत राहिला. मग त्याने दोर खांद्यावर टाकला आणि पूर्वेचा उतार उघडा टाकून निघून गेला. शेजारी आपल्या भिंतीपलीकडे उभा राहून सगळं ऐकत होता. मी त्याच्याकडे पाहिलं तेव्हा तो तुळशीला पाणी घालू लागला, भर दुपारी.

बायकोने भांडण आत नेलं. ती गडचिरोलीकडच्या खेड्यातली. बोलते कमी, पण एकदा बोलली की पुरतं. तिचं म्हणणं, त्याने पाणी प्यावं की नाही हे पुढच्या वर्षी बघता आलं असतं, आधी घर झाकून घ्यायचं. मी म्हटलं, पुढच्या वर्षीही हेच म्हणशील. ती म्हणाली, "म्हणीन ना. तुमचा राग कोरडा राहीन जी, भिजू मी अन् लेकरं."

मी गावातल्या आणखी दोघा छप्पर फेरणाऱ्यांकडे गेलो. दोघांनीही पहिला प्रश्न विचारला की हात कोणी लावला होता, आणि त्याचं नाव ऐकून नकार दिला. एकाने अर्धं टाकलेलं छप्पर दुसरा उचलत नाही, असा त्यांच्यात रिवाज. परत येताना पश्चिमेला आभाळ पिवळट झालं होतं. मे महिन्यातलं वादळ आमच्याकडे असंच येतं, आधी धूळ, मग गारा, आणि तासाभरात झाडं आडवी. ते एखाद्या दिवसावर होतं, फार तर दोन.

दुसऱ्या दिवशी पहाट फुटताच मी स्वतः चढलो. माझं वजन तेव्हाही कमी नव्हतं. पश्चिमेच्या धड उतारावरून आढ्यापर्यंत पोचायला सहा-सात पावलं लागली, आणि प्रत्येक पावलाखाली कवेलू करकरले. खालून बायको म्हणाली, "उतरा तुमी. सांजपर्यंत घरावर कवेलू नाई, चुरा ऱ्हाईन नुसता." मी उतरलो. तिने लुगड्याचा काष्टा घट्ट केला आणि ती चढली.

बाई छपरावर चढलेली त्या गल्लीने पाहिली नव्हती. बंद खिडक्या उघडल्या. आमच्या दोन मुली अंगणातून कवेलू द्यायच्या, मी शिडीवर मधे, आणि ती वर. माहेरचं छप्पर तिने बापाबरोबर फेरलं होतं. प्रत्येक कवेलू बोटाने ठोकून बघायची. खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला तर फेकायचा, त्याला चीर गेलेली असते. वळचणीपासून सुरुवात करून वर जायचं. खालची ओळ उताणी, दोन उताण्यांच्या मधल्या फटीवर पालथी. प्रत्येक वरच्याने खालच्यावर चार बोटं चढायचं.

माझा स्वभाव इथेही आडवा आला. फुटलेले जाऊन कवेलू कमी पडत होते आणि कुंभाराने वादळाच्या भीतीने भाव चढवला होता. मी म्हटलं, चार बोटं कशाला, दोन पुरतात, तेवढ्यात भागेल. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि माझं ऐकलं. दुपारी ती वरूनच पाणी मागायची आणि मी तांब्या तिच्या हातात द्यायचो. शेजारी आपल्या पडवीत पाठ करून बसला होता.

संध्याकाळी उशिरा शेवटची ओळ बसली, आणि वादळ ताटावर बसलो तेव्हा आलं. मागच्या खोलीत दोन बोटांची जेवढी ओळ होती तेवढी सगळी गळाली. कुठूनही फिरून येणारा वारा पाण्याला खालून वर ढकलतो, आणि दोन बोटांची अडचण त्याला अडचण वाटत नाही. धान्याची कोठी आम्ही चौघांनी ओढून मधल्या खोलीत आणली. मागच्या भिंतीचा मातीचा पोपडा रात्रीतून सुटून पडला. सकाळी मी कुंभाराकडे गेलो, त्याने सांगितला त्या भावाने कवेलू घेतले आणि तिने ती ओळ चार बोटांनी पुन्हा बसवली. तो पावसाळा आम्ही कोरडा काढला.

छप्पर फेरणारा गल्लीतून जाताना आमच्या घरावर नजर टाकायचा. एकदा थांबून बायकोला म्हणाला, आढ्यावरचे जरा सरकले आहेत, चुना-मातीने बांधून घ्या बाई. तिने घेतले. मी त्याच्याशी बोललो नाही. अजूनही माझं मत तेच आहे: तो लाचार होता हे मला मान्य आहे, पण लाचारीलाही एक पेलाभर पाणी चोरून पिता आलं असतं.

पुढच्या मे महिन्यात बायको पुन्हा चढली, तेव्हा शेजारी पहिल्यांदा आमच्या दारात आला. दारातच उभा राहिला. "ऐक गा," तो मला म्हणाला, "तुह्यी बायको वरून आमच्या अंगणात पाह्यते. आमच्या बायकांची न्हाणी हाये तिथी." मी म्हटलं, ती कवेलू पाहते, तुमच्या न्हाणीत तिचं काय ठेवलंय. मग तो मुद्द्यावर आला. छप्पर फेरणाऱ्याला तोच सांगेल, मजुरीही तोच देईल, फक्त बाईमाणूस वर चढवू नये.

फुकटात काम होत होतं. मी माझी अट सांगितली: छप्पर फेरणारा आमच्या माठातलं पाणी पिईल, आणि पितो तेव्हा तुम्ही या दारात उभे राहाल.

"तू लई माजून राह्यला," तो म्हणाला.

"मंग बायको चढन," मी म्हटलं.

त्याने गवंडी लावला आणि मधली भिंत माणसाच्या डोक्याच्या वर नेली. विटा चांगल्या भाजलेल्या घेतल्या होत्या. ओळंबा सरळ होता. आतून, म्हणजे त्याच्या बाजूने, गुळगुळीत गिलावाही केला. आमच्या बाजूला मात्र विटा उघड्या ठेवल्या. आमच्याकडे तोंड असलेल्या भिंतीवर सिमेंट घालवायचं त्याला जिवावर आलं असेल. मी काम होताना पाहत होतो आणि गप्प राहिलो. धंद्यात मी अशा शेकडो भिंती पाहिल्या आहेत. पावसाचा मारा आमच्या बाजूने येतो. उघड्या सांध्यांतून पाणी आत शिरतं आणि पलीकडच्या गिलाव्याला मागून ढकलतं.

पहिल्याच पावसाळ्यात त्याचा गिलावा फुगला. दिवाळीपर्यंत खापऱ्या पडल्या. त्याने गवंड्याला दाखवलं, आणि गवंड्याने त्याला तेच सांगितलं जे मी भिंत चढत असतानाच सांगू शकलो असतो: पलीकडून गिलावा केल्याशिवाय हे थांबणार नाही. पलीकडे म्हणजे आमच्या अंगणात. पालक, म्हणजे बांबूची परांची, बांधून, तीन-चार दिवस, भर उन्हाळ्यात.

शेजारी स्वतः आला नाही. गवंडी आला. मी त्याला नाही म्हटलं नाही. आमची जागा वापर, पालक बांध, वाळू टाक, मी एक पैसा मागत नाही. फक्त या अंगणात काम करणारा तहान लागली की या माठाशी येईल. भिंतीवरून पलीकडून तांब्या आलेला मला चालणार नाही. गवंड्याने जाऊन सांगितलं. भिंतीपलीकडे बराच वेळ बोलणं चाललं. मग गवंडी आपली थापी घेऊन गल्लीच्या दुसऱ्या टोकाने निघून गेला.

त्यानंतर दर उन्हाळ्यात शेजारी आतला गिलावा खरडून नवा करतो, आणि दर पावसाळ्यात तो फुगतो. एखादा पेला पाणी त्याला इतकं महाग पडेल असं मलाही वाटलं नव्हतं. मे महिन्यात बायको वर कवेलू फेरते, पलीकडे गवंड्याची थापी घासत असते. मी शिडीवर उभा राहून ते ऐकतो. बायको म्हणते, आता देऊन टाका जी त्याले अंगण. मी म्हणतो, अट त्याला माहीत आहे.